चपला बघणाऱ्या बाई

आमच्या बाई माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी त्याच्या चपला.

कुठल्याही चाळीत शिरलो की बाई गॅलरीत दर दाराशी थांबायच्या, पदर खोचून वाकायच्या आणि दाराबाहेर काढलेल्या चपला निरखायच्या. एखादी उचलून उजेडातसुद्धा धरायच्या. पट्टा शेवटच्या भोकात गेलाय का, टाच दुमडलीय का, अंगठ्यापाशी ताण येऊन शिवण उसवलीय का. मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, "या घरात कोणाचे तरी पाय सुजतायत. वाजव कडी." मी आपली वाजवायची. दार उघडणाऱ्याला पहिलं दर्शन काय, तर एक अनोळखी म्हातारी त्याची चप्पल हातात घेऊन उभी!

लालबागच्या एका चाळीत सत्यनारायण होता. अख्ख्या मजल्याच्या चपला एका दारापुढे. बाईंना तर पर्वणीच. बसल्या उकिडव्या आणि एकेक जोड बाजूला काढायला लागल्या. तेवढ्यात आतून एक गृहस्थ प्रसादाचा द्रोण घेऊन बाहेर आले आणि बोंबललेच, "ए, चप्पलचोर! पकडा रे!" दोघाजणांनी माझंच मनगट धरलं. बाई राहिल्या बाजूला. बरोबरच आहे म्हणा, साठी उलटलेली बाई, सुती साडी, साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज आणि काखेत घडीचं स्टूल, असा चोर त्यांनी जन्मात पाहिला नसेल. मी ओरडतेय, "अहो सोडा, डॉक्टर आहेत त्या!" आणि बाई शांतपणे अंगठ्यापाशी शिवण उसवलेली एक कोल्हापुरी वर धरून विचारतायत, "ही कोणाची?"

"माझी," गृहस्थ गुरगुरले.

"मग तुम्हाला आडवं झोपवत नाही. बरोबर?"

गृहस्थांचा घास तोंडातच राहिला. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अगं बाई, खरंच हो! भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतात. मी म्हटलं, गॅस असेल." त्या गृहस्थांना बाईंनी तिथल्या तिथे हॉस्पिटलात कुठे जायचं ते सांगितलं, आणि मग मांडी घालून दोन वेळा शिरा मागून खाल्ला. माझं मनगट नंतर दोन दिवस दुखत होतं, त्याचं कोणाला काही नाही.

बाई कोण, ते सांगायचं राहिलंच. मेडिकल कॉलेजात शिकवून रिटायर झाल्या होत्या आणि परळला एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, स्वतःचं संशोधन चालवत होत्या. विषय असा की, अंगात सूज आणणारी जी जनुकं असतात त्यांच्यात माणसामाणसाला बारीक फरक असतो. तर त्या फरकामुळे काहींचं हृदय लवकर थकतं का? हृदय थकलं की पाणी पायांत उतरतं, म्हणून आधी चपला; आणि ज्या घरात अशी थकलेली हृदयं जास्त, त्या घरातल्या सगळ्यांचं रक्त घ्यायचं आणि जुळवून बघायचं. मी बी.एस्सी. झालेली, आधी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. माझं काम घरोघरी जाऊन लोकांना पटवायचं, वंशावळ लिहून घ्यायची आणि नळ्या बर्फात घालून परळला आणायच्या. विषय मला कळला असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगणार नाही. कळल्यासारखा वाटायचा, आणि गॅलरीतून जिना उतरेपर्यंत परत गोंधळ.

बाईंची मात्र समजवायची हौस दांडगी. लोक म्हणायचे, "आमचे अण्णा हार्ट फेलनं गेले." बाई तिथेच अडवायच्या. "कधी झालं हार्ट फेल?" "त्याच दिवशी, सकाळी." "छे! त्या दिवशी गेले. फेल कित्येक वर्षं चाललं होतं. शाळेत नापास झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत जातो ना? ओढत, रडत, पण जातो. तसं ते हृदय जात होतं, आणि तुम्ही म्हणत होतात वय झालं."

सुजेचं त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच सांगितलं, तेही लालबागच्या रस्त्यात उभं राहून. "गणपतीत मांडव घालतात, रस्ता खणतात, आवाज होतो. चालायचंच, देव आलाय. शरीरात जंतू आला की शरीरही मांडव घालतं, त्याला म्हणायची सूज. पण गणपती गेले की मांडव उतरवायला नको? काही माणसांच्या जनुकात एखादं अक्षर असं असतं की त्यांचे मांडव लवकर उतरतच नाहीत. वर्षभर खड्डे तसेच. हृदयाच्या भिंतीत खड्डे पडले तर ती ताठरते."

"म्हणजे ते अक्षर असलं की माणूस जाणार?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

हे त्यांचं आवडतं वाक्य. पण ते म्हणायची रीत कशी? मान ताठ, नजर तुमच्या डोळ्यांत, आणि आवाज असा की बक्षीस मिळालंय. घरोघरी लोक आशेनं विचारायचे, डॉक्टरबाई, माझ्या मुलाला होईल का हो? बाई ठणठणीत आवाजात, "मला माहीत नाही! अक्षर असून नव्वदीपर्यंत जिने चढणारे आहेत. अक्षर नसून तंबाखूनं आणि डायबेटिसनं गेलेले आहेत. आधी ती तपकीर फेका." लोक माझ्याकडे बघायचे, की ही काय बला आणलीस? मी तरी काय सांगणार! आमच्या मजल्यावरचा होमिओपॅथीवाला सगळं छातीठोक सांगतो, आणि एवढी शिकलेली बाई म्हणते माहीत नाही.

दर रविवारी त्या गिरगावच्या घरून बसनं शिवाजी पार्कला यायच्या आणि कट्ट्याच्या बाजूनं उलट्या दिशेनं चालायच्या. लोक जातात तिकडून नाही, समोरून. धक्के लागायचे, रिटायर्ड साहेबलोक वैतागायचे. "सगळ्यांबरोबर चाललं तर पाठी दिसतात गं," बाई म्हणायच्या, "मला तोंडं बघायची असतात. कोणाला दम लागतोय ते." एकदा एका अनोळखी आजोबांना थांबवून त्यांनी नाडी बघायला सुरुवात केली. आजोबांच्या बायकोला ते अजिबात आवडलं नाही.

आता मी या कामात आले कशी? आमचे बाबा असेच गेले. हिंदमाताला साडीच्या दुकानात होते. दिवसभर उभे राहून साड्या उलगडायच्या नि घड्या घालायच्या. त्यांची घडी बघायला गिऱ्हाईक थांबायचं. शेवटी शेवटी दोन जिने चढले की कठड्याला धरून उभे राहायचे आणि आम्हाला म्हणायचे, "जा पुढे, मी जरा हवा खातो." त्यांचे वडीलही तसेच गेलेले, एक काकाही. बाबा गेल्यापासून माझ्या मनात एकच, की मला होणार का? दादाला होणार का? जरा जिना चढताना छातीत धडधडलं की मी घाबरीघुबरी. इंटरव्ह्यूला गेले तेव्हा हे सगळं मी बोलले नव्हते. बाईंनी विचारलं, वडील कशानं गेले? मी म्हटलं, हृदयानं. त्यांनी डिग्री बाजूला ठेवली आणि विचारलं, "चप्पल कशी झाली होती त्यांची?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. बाबांनी ब्लेडनं पट्टा कापला होता. पाय मावेना म्हणून. आईनं मोचीकडे नेते म्हटलं तर म्हणाले, राहू दे, उन्हाळ्यात उतरेल सूज. मला रडूच आलं, तिथेच, नोकरी मागायला आलेली मी, नाक पुसतेय. बाईंनी पाण्याचा ग्लास सरकवला आणि म्हणाल्या, "सोमवारपासून ये. आणि घरच्या सगळ्यांचं रक्त आण."

आणलं. आई, दादा, मी, आत्या, उरलेले एक काका. नळ्यांवर नाव नसतं, नुसता आकडा. कोणाचा कुठला ते फक्त बाईंकडे. निकाल कोणालाही वैयक्तिक सांगायचा नाही, असा नियम. मला तो नियम पाठ होता, कारण मीच तो घरोघरी वाचून दाखवायचे. तरी आतून वाटायचं, कधीतरी बाई सहज बोलता बोलता सांगून टाकतील.

पुढच्या वर्षी एक भानगड झाली. लालबागच्याच एका घरातून सहा भावंडांचं रक्त आलं होतं, आणि त्यातल्या एकाचं बाकीच्यांशी काही केल्या जुळेना. मुलात एक अक्षर आईचं असतं, एक बापाचं. या गृहस्थात दोघांचंही नाही. मशीन बिघडलं असेल म्हणून बाईंनी सगळं परत तपासलं, चार दिवस डोकं धरून बसल्या. शेवटी आम्ही त्या घरी गेलो, तेव्हा म्हातारी आजी हसत म्हणाली, "अहो, तो शेजारच्या खोलीतला. त्याचे आईबाप गिरणीच्या संपात गावी गेले ते परत आलेच नाहीत. आमच्यातच जेवला, आमच्यातच वाढला, पहिली भाऊबीज त्याची. तुम्ही म्हणालात सगळ्या भावंडांचं रक्त पाहिजे, मग त्याला कसा वगळू? त्याला वाईट नसतं वाटलं?"

बाई भडकल्या. "मी रक्त मागितलं होतं, माया नाही!" आजी शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे वेगवेगळं ठेवत नाहीत." बाई दातओठ खात जिना उतरल्या. आणि ही अशी घरं पुढे निघतच राहिली. गिरणगावच तो. कोणाचं मूल कोणाच्या ताटात वाढलंय, याचा हिशेब कोणी ठेवलाय? विचारलं की सगळे म्हणणार, आमचाच.

तेव्हापासून बाईंनी एक प्रश्न काढला. ज्या घरचं जुळत नसेल, फक्त त्याच घरी आम्ही दुसऱ्यांदा जायचो. बाई स्टूल उघडून बसायच्या, घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला समोर घ्यायच्या आणि एकेका माणसाकडे बोट दाखवून विचारायच्या, "हा कोणाच्या पोटातून?" बस्स. ना आडपडदा, ना लाजलज्जा. दोन घरांनी आम्हाला हाकललं. एका सासूनं पाण्याचा तांब्या फेकला, तो माझ्या खांद्याला लागला. मी म्हटलं, बाई, जरा गोड शब्दात विचारा ना. तर म्हणाल्या, "पोट हा शब्द कडू आहे का? एक नमुना चुकीचा गेला तर सगळं संशोधन खोटं. माझ्याकडे नमुने आहेतच किती!" ते खरं होतं. एका नळीसाठी त्या जीव टाकायच्या. एकदा बर्फ वितळत होता म्हणून टॅक्सीवाल्याशी भांडून त्यांनी सिग्नल तोडायला लावला होता.

आणि मग एका शनिवारी मला म्हणाल्या, "उद्या तुझ्याकडे येते. आई असतील ना घरी?"

मी हुरळले. बाई आणि स्वतःहून! घर आवरलं, दादाला बाजारात पिटाळलं. आईनं बोंबील आणले. बाई आल्या, दाराशी वाकून आमच्या चपला बघितल्या, दादाची जरा जास्त वेळ. मग आत आल्या आणि स्टूल उघडून आईसमोर बसल्या.

स्टूल उघडलेलं बघून मी हातातली ताटं खाली ठेवली. पण मी म्हटलं, सवय आहे त्यांची.

बाईंनी दादाकडे बघून आईला विचारलं, "हा कोणाच्या पोटातून?"

आई हसायलाच लागली. "माज्याच गो बाये!" आणि मग दादाच्या जन्माची कथा सुरू. कळा कधी आल्या, नाळ कशी गुंडाळली होती, परळच्या हॉस्पिटलातली नर्स कशी खेकसली, बाबा बाहेर कसे उभे होते. आम्ही शंभरदा ऐकलेली. बाई ऐकत होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. बोट वर आलं. मी बघत होते, आई बघत होती. आईचं हसू तसंच होतं, फक्त हात पदराशी गेला होता आणि पदर मुठीत होता. ती एकदम म्हणाली, "ह्या माजा चेडू. अगदी बापाशीवर गेलाहा. पाय बघा, पाय."

बाईंनी माझ्या पायांकडे बघितलं. बोट खाली घेतलं. आणि आयुष्यात कधी स्वयंपाकाबद्दल चकार शब्द न काढणाऱ्या आमच्या बाईंनी आईला विचारलं, "बोंबलांचा वास येतोय. कुरकुरीत कसे हो करता तुम्ही?"

आईनं सांगितलं. भरपूर वेळ लावून सांगितलं. पाणी कसं काढायचं, वर वजन काय ठेवायचं, रवा कुठला. बाई जेवल्या, हात धुतले, आईला वाकून नमस्कार केला आणि गेल्या. त्या तर कोणालाच नमस्कार करत नाहीत! दादा म्हणाला, "काय ग्रेट बाई आहे यार." माझं डोकं चालत नव्हतं. जुळत नाही त्याच घरी बाई जातात. आमच्याकडे आल्या. आणि माझ्याबद्दल विचारलंच नाही.

आठवडा कसा काढला, माझं मला माहीत. कधी वाटायचं, दादाचं जुळलं नसेल. कधी वाटायचं, नळी बदलली असेल, हो, मीच तर आणली होती. कधी वाटायचं, मूर्ख आहेस, जेवायला आल्या होत्या. आरशात पाय दिसत नाहीत म्हणून मी पलंगावर बसून पाय बघायचे. बाबांची दुसरी बोटं अंगठ्यापेक्षा मोठी होती. माझीही आहेत. पण मग बसमध्ये बसले की समोरच्या बाईचीही तशीच.

रविवारी शिवाजी पार्कला गेले. बाई उलट्या दिशेनं येत होत्या, मला बघून कट्ट्यावर बसल्या. जवळच क्रिकेटची नेट लागली होती, पोरं ओरडत होती. मी सरळ विचारलं, "माझ्यात ते अक्षर आहे का?"

"नियम काय आहे?"

"नियम गेला खड्ड्यात."

बाई जरा वेळ बूट बघत बसल्या. "नाही," म्हणाल्या. "तुझ्यात नाही. दादात आहे. त्याची सिगरेट सोडव, मीठ कमी कर, आणि दरवर्षी हृदयाचा इको करायचा, हात धरून न्यायचा. त्याच्या चपलेची टाच दुमडलेली होती. पाय मावत नाही म्हणून की आळशी आहे म्हणून, ते बघ."

"आळशीच आहे," मी म्हटलं. इतकी वर्षं छातीवर धोंडा घेऊन फिरत होते तो उतरला, मला हसू यायला हवं होतं. आलंही जरासं. आणि मग मी विचारलं, "माझ्यात का नाही?"

"निम्म्यांना येतं, निम्म्यांना नाही."

"मग तुम्ही आमच्या घरी का आलात?"

"बोंबील खायला."

"बाई!"

त्या वाकून बुटाची नाडी घट्ट बांधायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "ज्या प्रश्नाच्या उत्तरानं कोणाचं औषध बदलणार नाही, तो प्रश्न मी विचारत नाही."

"लोकांना विचारता की! तांबे खाल्लेत आपण त्यापायी. नमुना चुकीचा गेला तर संशोधन खोटं, तुम्हीच म्हणता."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या, "तुमच्या घरचे पाचही नमुने मी संशोधनातून काढून टाकले."

एका नळीसाठी सिग्नल तोडायला लावणारी ही बाई. दादाची नळी तर सोन्यासारखी, तीन पिढ्यांचं घर. सगळं काढून टाकलं. आईला एक प्रश्न विचारायला नको म्हणून.

"बाई, मी कोणाची?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. मान ताठ नव्हती. माझ्या डोळ्यांत बघितलंही नाही. समोर कोणीतरी आउट झालं होतं, तिकडे बघत होत्या. एवढी वर्षं त्या तोंडून ते वाक्य ऐकलं, पण ते खोटं आहे असं मला त्या एकदाच वाटलं. की खरंच माहीत नव्हतं? नळीही बदलली असू शकते. आजही मला सांगता येणार नाही.

आता बाई नाहीत. त्यांच्या भाचीचा फोन आला होता, झोपेतच गेल्या म्हणाली. मी गिरगावला गेले तेव्हा दाराबाहेर ते पांढरे बूट होते. मी वाकून नाड्या बघितल्या. सैल सोडलेल्या नव्हत्या, घट्ट बांधायच्या सवयीच्या खुणा तशाच होत्या. मला तेवढ्यानंही बरं वाटलं, का ते विचारू नका.

आईला मी काही विचारलेलं नाही. पाच-सहा वेळा तोंडापर्यंत आलं. एकदा ती भाजी निवडत होती, मी समोर बसले आणि म्हटलं, आई. ती म्हणाली, काय गो? मी म्हटलं, काही नाही, मेथी दे इकडे. आजूबाजूच्या खोल्यांतून संपात कोण कोण गावी गेलं, याचा मी कधीतरी मनात हिशेब मांडते आणि मग माझा मलाच राग येतो. साडीची घडी घालायला मला बाबांनीच शिकवलं. ती कुठल्या अक्षरात असते?

दादाला दरवर्षी इकोला नेते, हात धरून. सिगरेट सुटली, टाच अजून दुमडतो, मेला आळशीच आहे. या वर्षी तिथे म्हणाला, "आलीयेस तर तू पण करून घे ना, बाबांना होतं म्हणजे तुलाही रिस्क आहेच की." मला म्हणायचं होतं, मला गरज नाही रे. म्हटलं नाही. चपला काढल्या आणि त्याच्या चपलांशेजारी ठेवल्या. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करताच विचारलं, "मॅडम, वडिलांना हार्टचा त्रास होता?"

बाईंचं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं.

"हो," मी म्हटलं. "माझ्या वडिलांना होता."